वळू कुणाच्या दावणीला?

बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं वैराग जनावरांच्या दृष्टीनं मोक्याच्या जागी वसलं आहे. पश्चिमेला पंढरपूर, सांगोला आणि त्यापुढं आटपाडी-म्हसवड हा खिल्लारचा मुलूख. पाठीवर लांब शिंगं टाकून चालणारी पंढरपुरी म्हैस भीमेच्या काठापासून थेट बार्शी तालुक्यापर्यंत पसरलेली. पूर्वेला जिल्ह्याची हद्द ओलांडली की धाराशिव, काळ्या उस्मानाबादी शेळीचं घर. आणि सुगी उरकली की मोकळ्या रानात मेंढरं बसवायला येणारे धनगर, त्यांच्यासोबत दख्खनी मेंढ्या. या चारही जाती हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीत आहेत. १९८४ साली सुरू झालेली ही संस्था देशातल्या पाळीव जनावरांच्या जातींची अधिकृत नोंद ठेवते, आणि त्या नोंदीत आता दोनशेहून अधिक जाती आहेत.

यातली एकही जात उद्या सकाळी नाहीशी होणार नाही. बाजारात खिल्लार दिसतो, रस्त्यानं म्हशी जातात, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. पण कुठलीही जात एका दिवसात संपत नसते. आधी तिचे चांगले नर कमी होतात, मग ती कागदावर ‘गावठी’ होते, मग तिचं गिऱ्हाईक तुटतं. आणि माद्या डोळ्यांसमोर चरत असतानाच जात हातची गेलेली असते. गाय वाचवायला आपल्याकडं पुष्कळ लोक तयार असतात. वळू सांभाळायला मात्र कुणी पुढं येत नाही. सामान्य माणसाला या कामात काय करता येईल, हे पाहायचं तर सुरुवात त्या वळूपासूनच करायला हवी.

एक साधा हिशेब करून बघू. एका गावात शंभर खिल्लार गाई आहेत आणि त्या सगळ्यांना एकच वळू लागतो. अशा कळपात खरी विविधता किती, हे काढायचं सूत्र आहे: नरांची संख्या आणि माद्यांची संख्या यांचा गुणाकार करायचा, त्याला चारनं गुणायचं आणि नर-माद्यांच्या एकूण संख्येनं भागायचं. चारशेला एकशे एकनं भागलं की उत्तर चारच्या आतच येतं. म्हणजे दिसायला शंभर गाई असल्या, तरी पुढच्या पिढ्यांच्या दृष्टीनं हा कळप जेमतेम चार जनावरांचा. आता गाई दोनशे करा. उत्तर पुन्हा चारच्या आतच. गाई शंभरच ठेवून वळू पाच केले तर उत्तर १९ होतं, दहा केले तर ३६. हा आकडा ५० च्या खाली जाऊ नये, अशी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची शिफारस आहे. याच संघटनेच्या मोजमापात एखाद्या जातीचे पैदाशीचे नर २० किंवा त्याहून कमी उरले, की माद्या कितीही असोत, ती जात धोक्यात धरली जाते.

वळू एकच राहिला की दुसरा त्रास तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुरू होतो. त्याच्याच कालवडी माजावर येतात आणि त्यांनाही तोच लागतो. बाप-लेकीच्या अशा संबंधातून झालेल्या वासरात अंतःप्रजननाचा गुणांक २५ टक्के धरतात. वासरं अशक्त निपजतात, गाई उलटतात, दोन वेतांमधलं अंतर वाढतं. मग मालक म्हणतो, ही जातच खराब.

वळू गेले कुठं? पूर्वी गावात देवाच्या नावानं सोडलेला पोळ असायचा. तो कुणाच्याही रानात तोंड घालायचा आणि लोक चालवून घ्यायचे, कारण गावच्या गाई त्याच्यावर होत्या. ट्रॅक्टर आला आणि बैलाची गरज ओसरली. बैलच नको तर बैलाचा बाप कशाला? त्यात दूधधंदा वाढला तसं होल्स्टिन आणि जर्सीचं रेतन घराघरात पोचलं. खिल्लार गाय एका वेतात चार-साडेचारशे लिटरच्या आसपास दूध देते, संकरित गाय त्याच्या कितीतरी पट; तेव्हा शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली आणि खोंडाचं उरलंसुरलं मोल घसरलं. २०१५ च्या कायद्यानं राज्यात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हातारा बैल विकून नव्याला हातभार लावायची वाट बंद झाली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं ती कायम केली आणि आदत खोंडाच्या किमती चढल्या. शर्यतीमुळं खिल्लार वाचला असं त्यानंतर बरेच जण म्हणतात. अर्धं खरं आहे. शर्यतीनं खोंडाला भाव दिला, पण तो वेगाला दिला. औताला लागणारी ताकद, पायाचा टणकपणा, गाईचं दूध, शांत स्वभाव यांना तिथं गुण नाहीत. शिवाय वेगासाठी दुसऱ्या जातीचं रक्त मिसळलं गेलं, तर खिल्लारच्या नावानं वेगळंच काही पळत राहील.

आता कामाकडं. तुमच्या दावणीला एक-दोन खिल्लार गाई आहेत, असं समजू. तुमच्या हातात सगळ्यांत मोठा निर्णय एकच : ती कुणाकडून गाभण राहणार.

गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज बारा ते अठरा तास टिकतो. हंबरणं, चारा कमी खाणं, दुसऱ्या जनावरावर उडणं, योनीतून काचेसारखा स्वच्छ सोट, या खुणा घरातल्या बाईला आधी दिसतात, पुरुषाला नंतर. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवायची. जनावरांच्या दवाखान्यातून किंवा खासगी सेवादात्याकडून माणूस येतो, नायट्रोजनच्या कॅनमधून रेतमात्रा काढतो. कॅनमध्ये उणे १९६ अंश तापमान असतं. पाव मिलिलिटरची ती बारीक नळी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची आणि लगेच वापरायची.

बहुतेक मालक या वेळी गाईची शेपटी धरून उभे असतात आणि नळी कसली आहे ते विचारत नाहीत. ते विचारायचं. प्रत्येक नळीवर जातीचा उल्लेख, वळूचा क्रमांक, तारीख आणि प्रयोगशाळेचा संकेत छापलेला असतो. ‘गाय खिल्लार आहे, खिल्लारचीच मात्रा पाहिजे’ हे माणूस दारात आल्यावर सांगून उपयोग नाही, कारण त्याच्या कॅनमध्ये ती नसेलच. माज एकवीस दिवसांनी येतो, तारीख आधीच काढता येते. आठवडाभर अगोदर कळवून ठेवायचं. दहा-वीस मालकांनी मिळून दवाखान्यात लेखी मागणी दिली, तर महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाकडून मात्रा मागवायला तिथल्या डॉक्टरांच्या हातात कागद असतो. एकट्याच्या तोंडी मागणीचं काय होतं, ते सरकारी कचेरीत गेलेल्याला माहीत आहे. नळी वापरून झाल्यावर फेकून द्यायची नाही. तिच्यावरचा वळूचा क्रमांक वहीत उतरवायचा, समोर गाईचा बिल्ला क्रमांक आणि तारीख. तीन वर्षांनी तुमच्या कालवडीला हाच क्रमांक टाळायचा आहे. ही वही, म्हणजे चाळीस पानांची साधी वही, या लेखातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी पाळली जाणारी सूचना आहे.

दावणीला संकरित गाय असेल आणि पुन्हा खिल्लारकडं वळायचं असेल, तर धीर लागेल. अर्ध्या रक्ताच्या गाईला खिल्लार लावली की पुढची कालवड ७५ टक्के, तिची ८७.५, तिची ९३.७५. खिल्लार उशिरा वयात येते, एका पिढीला चार-पाच वर्षं धरा. म्हणून जी शुद्ध गाय आज गावात आहे, ती संकरात घालवून पुन्हा परत मिळवायचं गणित माणसाच्या अर्ध्या आयुष्याचं होतं.

रेतन सोयीचं आहे, रोगाच्या दृष्टीनं सुरक्षितही आहे. पण मूठभर वळूंच्या मात्रा सगळ्या जिल्ह्यात गेल्या, तर मघाचा चारचा हिशेब मोठ्या प्रमाणावर पुन्हा उभा राहतो. म्हणून गावात जिवंत वळू हवाच. एका माणसाला तो परवडत नाही. वर्षभर खायला घाला, भांडखोर निघाला तर शेजाऱ्यांचं ऐका, आणि गाय दाखवायला आलेला माणूस चहा पिऊन आभार मानून जातो. तेव्हा वळू पाच-पंचवीस जणांनी मिळूनच ठेवायला हवा.

असं करायचं तर आधी गावातल्या आणि शेजारच्या दोन-तीन वाड्यांवरच्या खिल्लार गाई मोजायच्या. एका वळूला वर्षाकाठी पन्नास-साठ गाई पुरेत, आठवड्याला दोन-तीन. त्याहून जास्त लावल्या तर गाई उलटायला लागतात. गाई सव्वाशे निघाल्या तर एक वळू मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घेतलेले बरे, आणि ते वेगवेगळ्या गावांतून घेतलेले. निवडताना खोंडाकडं बघण्याआधी त्याच्या आईकडं बघावं : तिची कास, तिची वेतं, ती किती वेळा उलटली. खोंडाचं कपाळ लांब, मध्ये खाच, शिंगं मागं जाऊन वर वळलेली, खूर काळे आणि घट्ट, दोन्ही वृषणं सारखी. अडीच-तीन वर्षांआधी कामाला लावू नये. आणि आणण्यापूर्वी ब्रुसेलोसिसची, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची तपासणी करून घ्यावी. नाहीतर एक रोगी वळू सगळ्या गावाच्या गाई रिकाम्या करतो. हाच रोग टाळायला कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात लस देतात. ती एकदाच द्यावी लागते आणि नेमकी विसरली जाते.

वळू शोधायला सांगोल्याचा रविवारचा बाजार, खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा, कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीत भरणारा बाजार, संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतला बाजार ही ठिकाणं वैरागकरांना नवी नाहीत. पण बाजारातून वळू घेणं मला दुय्यम वाटतं. हेडी रुमालाखाली बोटं दाबून भाव करतो, पण खोंडाच्या आईबद्दल त्याला काहीच सांगता येत नाही. आटपाडी किंवा माणदेशातल्या पैदासकाराच्या गोठ्यावर जाऊन आई बघून घेतलेला खोंड दोन पैसे महाग पडला तरी खात्रीचा. दर तीन वर्षांनी हा वळू दुसऱ्या गावच्या मंडळाला द्यायचा, त्यांचा आपण घ्यायचा. अदलाबदलीत पैसा लागत नाही. कालवडी बापाला लागत नाहीत आणि दोन्ही गावांना ताजं रक्त मिळतं. गाय दाखवण्याचं शुल्क मात्र ठेवावं, थोडं का होईना. फुकट वळूची कुणाला किंमत नसते.

म्हशीचं थोडक्यात सांगतो, कारण पंढरपुरीची अवस्था खिल्लारहून बरी आहे. दुधाचा दर फॅटवर ठरतो, त्यामुळं म्हैस पाळणारा तग धरतो. तिचा एक गुण तिला शहरातही उपयोगी पडला : ती दिवसातून कितीही वेळा, थोडं थोडं पान्हा सोडते. कोल्हापूरचे गवळी म्हशी दारोदार नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढून देत, आणि तिथल्या दूधकट्ट्यांवर धारोष्ण दूध प्यायला आजही गर्दी होते. ही सवय मुऱ्हा म्हशीकडून सहजी होत नाही. धोका आहे तो मुऱ्हाच्या रेड्याचा. जास्त दूध हवं म्हणून पंढरपुरीला मुऱ्हा लावली, की लांब शिंगं आणि कमी चाऱ्यावर तगण्याची ताकद पुढच्या पिढीत निम्मी होते. म्हशीचा माज बहुतेक वेळा मुका असतो, ओळखू येत नाही. म्हणून पंढरपुरीचा एखादा चांगला रेडा गावात असणं गाईच्या वळूहून जास्त गरजेचं. आपल्याकडं मात्र रेडकू जन्मलं की त्याला आईचं दूध पोटभर मिळत नाही, आणि ते जगलंच नाही तर कुणी विचारत नाही.

शेळीकडं थांबावं लागेल. भूमिहीन आणि कोरडवाहू घरातल्या बाईच्या हातात असलेली ही एकमेव ठेव आहे, आणि ती कशी झिजते हे कुणाच्या लक्षात येत नाही.

उस्मानाबादी शेळी जुळी करडं देण्यासाठी नावाजलेली. गाभणकाळ पाच महिन्यांचा, त्यामुळं पैसा लवकर फिरतो. आता कळपात सहा बोकडं जन्मली असं समजा. त्यातलं जे सर्वांत लवकर वाढलं, ज्याचं अंग भरलं, त्याला बकरी ईदच्या आधी सर्वांत चांगला भाव येतो. ते जातं. दुसरं गावच्या जत्रेला जातं. तिसरं घरात अडचण आली म्हणून. उरतं ते किरकोळ, ज्याला गिऱ्हाईक नाही. शेळ्या मात्र बारा महिने माजावर येतात, आणि त्यांना लागतं तेच उरलेलं. दर वर्षी कळपातली सर्वांत मंद वाढ आपण पुढच्या पिढीसाठी राखून ठेवतो, आणि दहा वर्षांनी म्हणतो की उस्मानाबादीत दम राहिला नाही, आफ्रिकेतला बोअर आणा.

उपाय गरिबाला परवडेल असाच हवा. तीन महिन्यांची करडं झाली की त्यातलं जुळं जन्मलेलं, सर्वांत वजनदार, चारही पायांवर सरळ उभं राहणारं एक बोकड बाजूला काढायचं आणि ते विकायचं नाही, खच्चीही करायचं नाही. एका बोकडाला वीस-तीस शेळ्या पुरतात. चार घरांच्या मिळून तितक्या होतात. ते बोकड विकलं असतं तर जे पैसे आले असते, ते चारही घरांनी वाटून त्या मालकिणीला द्यायचे, म्हणजे तिचं नुकसान नाही. बचत गट गावोगाव आहेतच. पापड-लोणच्याच्या पलीकडं त्यांना हे काम सहज पेलेल. दीड-दोन वर्षांनी ते बोकड दुसऱ्या गावच्या गटाला, तिथलं इथं. पहिलंच चांगलं बोकड आणायचं असेल तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं आहेत. तुळजापूर तालुक्यातलं तीर्थ आणि सांगोला तालुक्यातलं महूद ही वैरागच्या दोन बाजूंना पडतात. बोअरबद्दल माझं मत सरळ आहे : बंदिस्त गोठा, विकतचं खाद्य आणि औषधाला पैसा असेल त्यानं जरूर पाळावा. बांधावर चरून, बाभळीच्या शेंगा खाऊन जुळी देणाऱ्या शेळीत त्याचं रक्त मिसळू नये.

मेंढ्यांच्या बाबतीत फलटणला घडलेली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनात गारोळे नावाची एक लहानशी, दलदलीत चरणारी मेंढी आहे. तिला दोन-तीन कोकरं होतात. तिच्यातलं हे जनुक अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालमधून जहाजानं ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांबरोबर तिकडं पोचलं आणि पुढं तिथल्या बुरूला मेरिनोत सापडलं. जगभर त्यावर संशोधन झालं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत बनबिहारी निंबकर आणि चंदा निंबकर यांनी सरळ गारोळे मेंढ्या आणून ते जनुक दख्खनी मेंढीत उतरवलं; त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही जुळी देणारी मेंढी तयार झाली. सुंदरबनातल्या कुणी मेंढपाळानं ती बुटकी, कमी मांसाची मेंढी निकामी म्हणून मोडीत काढली असती, तर महाराष्ट्रातल्या धनगराला हे मिळालं नसतं. आज निरुपयोगी वाटणारी जात का ठेवायची, याला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

ज्याच्याकडं मेंढी नाही त्यानं दख्खनी मेंढीसाठी करण्याजोगी एक गोष्ट म्हणजे घोंगडी विकत घेणं. तिची लोकर जाड आणि काळी. वर्षातून दोनदा कातरावी लागते, आणि घेणारं कुणी नसलं की कातरणावळही अंगावर पडते. मग लोकर न येणाऱ्या मेंढ्यांकडं ओढा वाढतो. बाजारात काळ्या रंगाची यंत्रावरची घोंगडी पुष्कळ मिळते. तिच्यात दख्खनी लोकर असतेच असं नाही. हातमागाची घोंगडी हाताला टोचते, नवी असताना तिला मेंढीचा वास येतो, आणि चिंचोक्याची खळ दिलेली असल्यानं ती कडक असते. सनगराच्या घरी जाऊन, लोकर कुणाच्या कळपाची हे विचारून घेतली तर पैसे योग्य जागी पोचतात. आणि शेत असेल तर सुगीनंतर दोन रात्री मेंढरं बसवा. खताचं पोतं वाचतं, कळपाला चारा मिळतो.

जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याबद्दल लोक कुरकुर करतात, पण जात टिकवायला तो कामाचा आहे. त्यावर बारा अंकी क्रमांक असतो, आणि तो ‘भारत पशुधन’ प्रणालीत चढवताना जनावराची जातही लिहिली जाते. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय बाजारात जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. त्यामुळं बिल्ला मारून घेणं आलंच. तो मारणारा माणूस घाईत असतो. तुम्ही काही बोलला नाहीत तर जातीच्या रकान्यात ‘गावठी’ किंवा ‘अवर्णित’ पडतं. तिथं थांबवून ‘खिल्लार लिहा’, ‘पंढरपुरी लिहा’ म्हणायचं, मोबाइलवर नोंद दाखवायला सांगायची. पशुगणनेतही हेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली एकविसावी पशुगणना जातवार होती. आधीच्या, २०१९ च्या गणनेत देशातल्या देशी गोवंशाची संख्या २०१२ च्या तुलनेत ६ टक्क्यांनी घटलेली दिसली आणि विदेशी-संकरित २७ टक्क्यांनी वाढलेली. एखाद्या जातीला मदत द्यायची की नाही, हे असल्या आकड्यांवर ठरतं. तुमची गाय चुकीच्या रकान्यात पडली तर ती त्या जातीच्या हिशेबात नाहीच. कर्नालचा ब्युरो २०१७ पासून देशी जाती सांभाळणाऱ्या व्यक्तींना आणि संस्थांना पुरस्कार देतो. त्यासाठी अर्ज करतानाही कळपाची नीट नोंद हाताशी हवी. मघाची चाळीस पानी वही इथं उपयोगी येते.

दावणीला काहीच नसलेल्या माणसांकडं येऊ. सोलापूर-पुण्यात राहणारा, वैरागला वर्षातून एकदा संतनाथांच्या दर्शनाला येणारा माणूस. त्याला वाटतं देशी गाईचं तूप घेतलं की काम झालं. घ्यावं, पण बाटलीवर ‘देशी’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते कुठल्या जातीचं, हे विचारावं. ‘ए-टू’ दुधाच्या दाव्यांवर विसंबून राहू नये. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑगस्ट २०२४ मध्ये असे दावे वेष्टनावरून काढायला सांगितले आणि काही दिवसांतच तो आदेश मागं घेतला. यावरून त्या विषयाची गुंतागुंत ध्यानात यावी. दूध औषध आहे म्हणून नको, ते आपल्या भागातल्या जनावराचं आहे म्हणून घ्यावं. आणि खिल्लार मुळात दुधाची गाय नाही हे लक्षात ठेवावं. तिचं मोल बैलात आहे : कोळपणीत, पाभरीत, उसाच्या गाडीत. जो शेतकरी आजही दोन बैलांवर कोळपणी करून देतो, त्याला ट्रॅक्टरऐवजी काम देणं ही खिल्लारला दिलेली सरळ मदत आहे.

गोशाळांचा विषय नाजूक आहे, तरी बोलायला हवा. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारनं देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं आणि गोशाळांतल्या देशी गाईमागं रोज ५० रुपये अनुदान द्यायचं ठरवलं. भाकड गाई तिथं जगतात, ही चांगली गोष्ट. पण जगवणं आणि जात टिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. भाकड, जखमी, निरनिराळ्या रक्ताच्या गाई एकत्र ठेवल्यानं जात पुढं जात नाही. देणगी देणाऱ्यानं एक प्रश्न विचारावा : तुमच्याकडं शुद्ध खिल्लार गाई किती, वळू कुठला, आणि मागच्या वर्षी वासरं किती झाली? उत्तर मिळालं तर देणगीतला काही भाग ‘वळूच्या खाद्यासाठी’ असं लिहून द्यावा.

यात्रा कमिट्यांनाही करण्यासारखं आहे. प्रदर्शनात फेटा आणि ढाल मिळते ती सजवलेल्या बैलजोडीला. एक बक्षीस वासरासह गाईला, एक वळूला आणि एक बापाचा क्रमांक वहीत दाखवणाऱ्या मालकाला ठेवा. पुढच्या वर्षी यात्रेत वह्या दिसतील. केरळात वेचूर ही बुटकी गाय जवळजवळ संपली असताना १९८९ मध्ये सोसम्मा आयप या प्राध्यापिकेनं विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव हिंडून उरलेली जनावरं शोधली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विद्यार्थ्यांनी सुरुवात शोधण्यानं आणि मोजण्यानं केली. वैराग-बार्शीच्या शाळा-महाविद्यालयांना ते अवघड नाही : सुट्टीत गावोगावचे खिल्लार वळू आणि पंढरपुरी रेडे मोजायचे, फोटो काढायचे, कोणत्या गावात एकही नाही ते नकाशावर मांडायचं. मोकळी गावं दिसली की वळू कुठं न्यायचा ते आपोआप ठरतं.

उरला चारा. बार्शी तालुक्यात सोयाबीन वाढलं तशी ज्वारी मागं पडली आणि कडबा महागला. मालदांडीची जी निवड, एम-३५-१, शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघाली, ती धान्याइतकीच कडब्यासाठी लोकप्रिय झाली. सोयाबीनच्या भुसकटावर बैल पोसत नाही. साडेचारशे किलोच्या वळूला वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे दिवसाला साधारण अकरा किलो कोरडा चारा लागतो. फाल्गुन ते ज्येष्ठ हे चार तंगीचे महिने एकशे वीस दिवसांचे धरले, तर साडेतेराशे किलो. शंभर उंबऱ्यांच्या गावात घरटी तेरा-चौदा किलो. पेंड आणि मीठ यांचा खर्च गाय दाखवण्याच्या शुल्कातून निघतो. कडबा मात्र गोळा करावा लागतो, आणि त्याची वेळ ठरलेली आहे : रब्बी ज्वारी काढून पेंढ्या बांधून झाल्या की लगेच, गंज लावायच्या आधी. एकदा तो व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढला की उन्हाळ्यात तोच दुप्पट भावानं घ्यावा लागतो.